कच्च्या टाक्यांचा कोट

९ फेब्रुवारी

टाचण्या,

तुझं पोर माझ्याकडे आहे. जेवतंय, झोपतंय आणि माझ्या घरातल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीवर ओले टॉवेल टाकतंय. तू विचारणार नाहीस, म्हणून न विचारता कळवते.

फोन करून पाहिला. दुकानात तू उचललास, पण पलीकडून नुसती मशीनची खडखड आणि तुझं "अं". तोंडात टाचण्या होत्या ना? शाळेत जायच्याही आधी बाबांचं बघून ओठांत टाचण्या धरायला लागलास, आई भिऊन किंचाळायची, आणि त्यावरून घरभर तुझं हे नाव पडलं. फरक एवढाच, की बाबा हातात कापड असलं की टाचण्या धरायचे. तू बोलायची वेळ आली की धरतोस. पत्राला "अं" करता येत नाही, म्हणून हे पत्र.

मला समजलं ते लिहिते, चुकत असेल तर दुरुस्त कर. दुकान बंद करताना त्याने तुला आणि वहिनीला सांगितलं, की मी मुलगी नाही, कधी नव्हतोच, आणि आता डॉक्टरांकडे जायला लागलोय. वहिनी रडली. तू म्हणालास, "तुला मी मुलीसारखं वाढवलंच कधी? कात्री दिली, स्कूटर दिली, उद्या दुकान देणार होतो. आता मुलगा होऊन आणखी काय मिळायचं राहिलंय?" मग त्याच्या गळ्यातला टेप काढून खिळ्याला अडकवलास आणि टाचण्या तोंडात घातल्यास. हाताखाली तयार झालेल्या कटरच्या गळ्यातला टेप काढणं म्हणजे काय, हे दुकानात कधी न बसलेल्या मलाही कळतं.

मी "तो" लिहितेय हे तुला खुपेल. खुपू दे. मला सगळं पटलंय असं समजू नकोस. माझं आयुष्य औषधाच्या काउंटरमागे गेलं, लेबल वाचल्याशिवाय मी साधी खोकल्याची बाटलीही कुणाच्या हातात देत नाही. हेही वाचून बघणार आहे. पण वाचून होईपर्यंत माणसाला दाराबाहेर उभं करायचं नसतं, त्याला लेबल लागत नाही.

त्याने नवं नाव घेतलंय. ते मी कळवणार नाही. हवं असेल तर त्याला विचार. मी पोस्टमन नव्हे.

ताई


३ एप्रिल

टाचण्या,

उत्तर नाही. ठीक.

परवा दुपारी तुझा मुलगा माझ्या काउंटरमागे बसल्या बसल्या पांढराफटक पडला. बाहेर रस्ता तापलेला, पंखा गरम वारा फेकतोय, आणि याच्या अंगात जाड जाकीट. आत नेलं, जाकीट काढ म्हटलं, तर नाही म्हणाला. मी काही दोनदा सांगणाऱ्यांतली नव्हे. जाकिटाखाली शर्ट, शर्टाखाली बनियन आणि बनियनखाली छातीभोवती करकचून आवळलेलं इलॅस्टिक बँडेज. लोक माझ्याकडून गुडघ्याला बांधायला नेतात ना, तेच. एकावर एक दोन. काखेखालची कातडी सोललेली. बरगडीवर नुसतं बोट ठेवलं तर ओरडला. पुरता श्वास म्हणून त्याला घेता येत नव्हता.

"हे कधीपासून?"

"कॉलेजपासून."

मी कात्री घेऊन दोन्ही बँडेज कापली. कापताना जे तोंडात आलं ते बोलले. तो म्हणाला, "आत्या, तू रागावलीयस."

"रागावलेच आहे. आता मला समजेल असं सांग. हे बघ, मलाही वेणी नको होती. पाळी नको होती. तुझ्या बापाला हुंदडायला सोडायचे आणि मला घरात बसवायचे, तेव्हा मलाही वाटायचं की मुलगा असते तर बरं झालं असतं. कुठल्या बाईला वाटलं नाही? म्हणून काय आम्ही सगळ्या पुरुष होत सुटलो?"

तो म्हणाला, "तुला नको काय होतं, आत्या? बाई असणं, की बाईला लावलेले नियम?"

"नियम. हा काय प्रश्न झाला?"

"ते नियम गेले असते तर?"

"तर मजेत राहिले असते. बाईच."

"माझे नियम बाबांनी केव्हाच काढून टाकले होते. एकसुद्धा ठेवला नव्हता. तरी ते गेलं नाही."

हे दोनदा वाच, टाचण्या. "मी काय कमी केलं" म्हणत जे कवटाळून बसला आहेस, त्याचं उत्तर यात आहे. तू काही कमी केलं नाहीस. उलट तू सगळं मोकळं सोडलंस, म्हणून तर त्याला कळलं की सलतंय ते तुझ्या देण्या-न देण्यातलं नव्हेच.

मग सलतं काय, हेही विचारलं. मी अर्ध्यावर सोडत नाही. म्हणाला, "सकाळी जाग येते तेव्हा जरा वेळ मी विसरलेलो असतो. मग कूस बदलतो, अंगाला हात लागतो आणि आठवतं. घरातलं कुणी गेल्याची बातमी रोज सकाळी नव्याने कळावी, तसं. मग दिवसभर ती बातमी लपवायची, गिऱ्हाइकांशी हसायचं, त्यांची मापं घ्यायची."

रस्त्यापलीकडून जाणाऱ्या परक्या माणसाचा खांदा उतरलाय हे तुला दिसतं. लग्नघरात जेवताना समोरच्याच्या कोटाचा काखेतला मुंडा चुकलाय म्हणून तुला घास जात नाही. आणि तुझंच पोर भर उन्हाळ्यात जाड जाकीट घालून, पाठीला पोक काढून तुझ्यासमोर चालत होतं. दुकानातल्या तीन पाखांच्या आरशाचं त्याच्याकडचं पाख कायम मिटलेलं असायचं. वयात आल्यापासून तुला त्याने अंगाला टेप लावू दिला नाही, स्वतःचे शर्ट अंदाजाने कापले. हे दिसलं नाही? शिंपी आहेस की विटा वाहतोस?

ताई


१९ जुलै

टाचण्या,

तुझ्या मुलाचा आवाज फुटतोय. इंजेक्शनं सुरू झाली आहेत. सव्विशीतल्या माणसाला पुन्हा वयात येताना बघणं ही शिक्षा कुठल्या गुन्ह्यासाठी असते ते मला माहीत नाही, पण मी ती भोगतेय. फोनवर "हॅलो" म्हणताना शब्द वर सुरू होतो आणि जिन्यावरून गडगडत खाली येतो. चेहऱ्यावर पुळ्या. घरातला पाव रोज फस्त. बेसिनमध्ये दाढीचे केस, ते दिसायला भिंग लागेल एवढे, पण बेसिन धुवायचं नाव नाही. वर आरशासमोर उभा राहून हनुवटी तपासतो. हो, आरशासमोर. तुझ्या मुलाने माझ्या घरात आरसा अडवून ठेवलाय, आणि मला केस विंचरायला दाराच्या काचेसमोर जावं लागतं.

वरच्या मजल्यावरची बाई काउंटरवर आली. औषध नको होतं, माहिती हवी होती. "तुमच्याकडे कोण राहतो हो?"

"भाचा."

"पण तुम्हाला तर भाची होती ना?"

"होती असं मलाही वाटत होतं. आणखी काही? पित्ताच्या गोळ्या?"

गोळ्या घेऊन गेली. तुला हे अवघड का वाटतं मला कळत नाही. दोन वाक्यं लागतात.

त्याच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाईंनाही मी भेटून आले. महिनोन् महिने त्यांनी त्याला उलटसुलट प्रश्न विचारले, तेव्हा कुठे इंजेक्शनाची चिठ्ठी दिली. मी सरळ विचारलं, उद्या पस्तावला तर?

त्या म्हणाल्या, "पस्तावणारे असतात. थोडे असतात, पण असतात. म्हणून तर आम्ही घाई करत नाही. पण काहीच न करणं म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. त्याचेही परिणाम होतात. तुम्ही ते बरगड्यांवर पाहिलेत."

"मन बदलायचं औषध नाही?"

"लोकांनी फार वर्षं तेच करून पाहिलं. माणसं मोडली, मन बदललं नाही. अंग मनाशी जुळवलं की माणूस कामाला लागतो."

बाई मला फारशी आवडली नाही, बोलताना सारखी पेन टकटकवते. उत्तर आवडलं.

ताई


४ ऑक्टोबर

टाचण्या,

बारा तारखेला सकाळी त्याचं छातीचं ऑपरेशन आहे. पत्ता मागे लिहिलाय. तू ये.

मी आर्जव करत नाहीये, आठवण करून देतेय. जज्जसाहेबांचा पाय मोडला होता तेव्हाची. त्यांचा कोट कच्च्या टाक्यांवर तयार होता, ट्रायल बाकी होती, आणि ते घरी पलंगावर पडलेले. त्यांनी माणूस पाठवला की कोट द्या, अंगात घालून बघतो आणि काय ते कळवतो. बाबांनी त्या माणसाला हात हलवत परत पाठवलं. "कच्चा कोट दुकानातून एकटा जात नाही. ज्याने कापला त्यानेच तो अंगावर चढवायचा." आणि स्वतः अंगात ताप असताना, कोट कापडात गुंडाळून, बस बदलत गेले. आई दारात उभी राहून करवादत होती, "लोकांच्या कोटापायी मरा एकदाचे!"

गिऱ्हाइकासाठी एवढं करणाऱ्या माणसाचा तू मुलगा. तुझ्या स्वतःच्या मुलासाठी एक बस पुरते. बदलावीही लागत नाही.

तो तुझी वाट बघत नाही असं म्हणतो. आणि जिन्यात पाऊल वाजलं की मान वळवतो.

ताई


१४ ऑक्टोबर

आला नाहीस.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येताना "बाबा, दुकान उघडलं का?" असं विचारलं. आता तुझ्या त्या टाचण्या गिळ.

वहिनी त्या आठवड्यात तुला सांगून गेली तशी बहिणीकडे नव्हती. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी बाकावर बसली होती, थर्मास घेऊन. मी सांगितलं म्हणून तिच्यावर डाफरलास, तर मी स्वतः तिथे येईन.


१० डिसेंबर

टाचण्या,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण जे घडलंय ते तुझ्या कानावर न घालणं म्हणजे बाबांचा अपमान, म्हणून लिहिते.

त्याला नोकरी लागली. इथल्या तंत्रशाळेत, शिवणविभागात, कापणी शिकवायला. जानेवारीत वीस तारखेला रुजू व्हायचंय. मास्तरांनी कोट घालून यावं असा तिथला शिरस्ता आहे. आणि तुझा मुलगा, तीन पिढ्यांच्या शिंप्यांच्या घरातला, मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेला आणि तयार कोट घेऊन आला.

हो. तयार. प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मी म्हटलं, "कात्री हातात आहे ना तुझ्या? स्वतः शिव की."

"आपल्या अंगाचा कोट आपण कापायचा नाही, आत्या. आजोबांचा नियम. आपली पाठ आपल्याला दिसत नाही."

"मग दुसऱ्या कुणाकडून शिवून घे."

"दुसऱ्या कुणाकडून नको."

आता हे ऐकून मी काय करायचं होतं? तूच सांग. म्हणे, दुसऱ्या कुणाकडून नको! त्यापेक्षा पिशवीतला चालेल! तुम्हा बापलेकांच्या डोक्यात एकच मशीन बसवलंय आणि दोघांचंही तेल संपलंय.

कोटाविषयी सांगते. मला त्यातलं कळत नाही, पण डोळे आहेत. खांदे त्याच्या खांद्यांच्या पुढे जाऊन लोंबतात. हात वर केला की अख्खा कोट वर येतो, जणू खाली कुणी धरून ठेवायचं विसरलंय. पाठीवर कॉलरखाली एक घडी पडते, तिच्यात चिठ्ठी ठेवता येईल. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत. हा कोट घालून तो पोरांना कोट कापायला शिकवणार. पोरं हसतील, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही. आणि मास्तर कुणाचा मुलगा, असं कुणी विचारलं तर तो तुझं नाव सांगणार आहे. लपवणार नाही. तसं त्याने मला बजावून सांगितलंय.

फोटो सोबत जोडते. समोरून, मागून, बाजूने. डोळे भरून बघ.

ता. क. फोटोत तो ताठ उभा आहे, ते कोटामुळे नव्हे. बँडेज गेल्यापासून तसाच चालतो. त्या रोजच्या बातमीचं काय झालं म्हणून परवा विचारलं. म्हणाला, "पेपर बंद केला, आत्या." आणि शीळ घालत न्हाणीघरात गेला. टॉवेल न घेता. मग मलाच हाका.

ताई


२३ डिसेंबर

टाचण्या,

तुझं कार्ड मिळालं. फेब्रुवारीपासून मी तुला पानंच्या पानं लिहिली. बरगड्या लिहिल्या, ऑपरेशन लिहिलं. तुझं पहिलं उत्तर असं: "मुंडा खोल गेलाय म्हणून कोट वर येतो. बाही लहान करून उपयोग नाही. घालू नये."

एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

मी ते कार्ड फाडणार होते. तुझ्या मुलाने हातातून काढून घेतलं. वाचलं, पुन्हा वाचलं, मग कोट अंगात घालून मुंड्यात बोटं घातली आणि म्हणाला, "बरोबर आहे. मुंडाच." आणि कोट पिशवीत भरून दुकानात परत करून आला. दुकानदार कुरकुरला, तर त्याला मुंडा समजावून सांगितला म्हणे.

म्हणजे आता वीस तारखेला घालायला काहीच नाही. शाब्बास. तुम्ही दोघं एकमेकांशी मुंड्याविषयीच बोलणार असाल तर बोला बापडे, पण मधे मला कशाला उभं करता? मला बाकीची कामं आहेत. दुकानात सर्दीचा मोसम आहे.

ताई


९ जानेवारी

टाचण्या,

पार्सल आज सकाळी मिळालं. दोरी सोडेपर्यंत मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. म्हटलं, उशिरा का होईना, शिवला एकदाचा. उघडून बघते तर एक बाही लावलेली, दुसरी वेगळी घडी करून ठेवलेली. कॉलर नाही. बटण नाही. अस्तर नाही. आतला कॅनव्हास उघडा आणि अंगभर हे पांढरे दोरे, लांबच लांब. अकरा दिवसांवर नोकरी आली आणि तू अर्धवट सामान पाठवतोस? एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला असला कोट दिला होतास कधी? मुलाची थट्टा करायची होती तर कार्डावर भागलं असतं, टपालाचा खर्च कशाला

दुपार. वरचं वाक्य पुरं करत नाही.

तो घरी आला तेव्हा कोट टेबलावर पसरलेला होता आणि मी तुझ्या नावाने बोलत होते. आधी त्याने हात धुतले. मग कोट उचलून खिडकीपाशी नेला, आतली बाजू उलटून पाहिली, आणि त्या ओल्या टॉवेलांच्या खुर्चीत बसला. टॉवेलांवरच.

"काय झालं? वाईट कापलाय?"

"आत्या, कच्चा कोट आहे."

"ते दिसतंय मला. आंधळी नाही मी."

"कच्चा कोट पोस्टाने कोण पाठवतो?"

आणि मग मी गप्प बसले. तुला खरं वाटणार नाही, पण बसले. जज्जसाहेबांच्या कोटाची गोष्ट मीच तुला लिहून पाठवली होती, आणि दोरे बघून चिडायच्या भरात तीच माझ्या डोक्यातून गेली.

तू स्वतःला चांगला ओळखतोस. कोट काखेत मारून निघाला असतास तर बसच्या पायरीवरून परत फिरला असतास. म्हणून कोट आधी पाठवलास. आता तो इथे आहे, एका बाहीचा, आणि बाबांच्या नियमाने तो अंगावर चढवायला तुला यावंच लागणार. मांजराच्या गळ्यात घंटा बांधतात हे ऐकलं होतं. स्वतःच्याच गळ्यात बांधून घेणारं मांजर पहिल्यांदाच पाहिलं.

त्याने मला कोट दाखवला, एकेक गोष्ट. छाती सरळ कापली आहेस, कुठेही बायकी टक नाही. उजवा खांदा किंचित खाली धरलाय, तसाच आहे त्याचा, मला आजवर दिसला नव्हता. मुंडा वर घेतलाय. हे सगळं तीन फोटोंवरून. पाठीला मात्र भरपूर माया ठेवली आहेस, दोन्हीकडून. मी विचारलं, एवढी कशाला? म्हणाला, "पोक गेल्यावर माझी पाठ किती भरते ते त्यांनी पाहिलं नाहीये ना. बघून ठरवणार." मग बराच वेळ कॅनव्हासवर बोट फिरवत बसला. गिऱ्हाइकाचं नाव खडूने लिहितात ती जागा तू कोरी सोडली आहेस, हेही दाखवलं.

मी म्हटलं, "घालून तरी बघ. आरसा आहे, एरवी सोडत नाहीस तो."

"नाही. बाबा घालतील."

कोट खुर्चीच्या पाठीवर टांगलाय. टॉवेल उचलले. स्वतः उचलले, मी न सांगता. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

शनिवारी ये. वहिनीला घेऊन ये, आता लपवाछपवी पुरे. मी त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवतेय, हे मी तापातसुद्धा करत नाही. आल्या आल्या त्याला नाव विचार आणि लिही त्या कोऱ्या जागेत. टेप घेऊन ये. कपाटातला नवा नको, खिळ्याला अडकवलास तोच. खडू आण, कॉलरचं कापड आण.

टाचण्याही आण. पण तोंडात धरू नकोस.

ताई